बशीतली सूज आणि गुडघ्यातली सूज

‘सांगह्वा-तांग हा कोरियाचा 400 वर्षं जुना काढा प्रतिकारपेशींमधली सूज थांबवतो, हे विज्ञानानं सिद्ध केलंय. आमवाताच्या गोळ्या सोडा, याला दुष्परिणाम नाहीत.’ असा मजकूर सध्या फिरतोय. ‘गोळ्या सोडा’ हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य, म्हणून हे लिहितो आहे.

आधी परंपरेचं. कोरियन वैद्य हो जुन यांचा ‘दोंगुई बोगाम’ हा वैद्यकग्रंथ 1613 साली छापला गेला, त्यात हा काढा आहे. पण तिथं तो अतिश्रमाच्या थकव्यावर आणि मोठ्या दुखण्यानंतरच्या अशक्तपणावर दिलाय. कोरियात आजही लोक थकव्याला, सर्दीला औषधाच्या दुकानातून त्याची बाटली आणतात.

आता ‘पेशींवर सिद्ध’. अशा काढ्यांच्या प्रयोगांत बहुतेकदा ‘रॉ 264.7’ नावाच्या प्रतिकारपेशी असतात. उंदराच्या गाठीतून मिळवलेल्या, प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या. त्यांच्यावर आधी अर्क टाकतात. तासा-दोन तासांनी जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस घालून त्यांना चेतवतात आणि दुसऱ्या दिवशी नायट्रिक ऑक्साइडचा, म्हणजे चेतलेल्या पेशी सोडतात त्या सुजेच्या खुणेचा, अंदाज घेतात. त्यासाठीचं ‘ग्रीस’ नावाचं द्रावण मिसळलं की गुलाबी रंग चढतो. बशीतल्या अर्क घातलेल्या खळग्यात तो फिका दिसतो, म्हणजे सूज कमी. हे निरीक्षण मोलाचं आहे, पुढच्या संशोधनाची दिशा त्यातूनच मिळते. पण इथं औषध आधी पोचलं, रोग नंतर आला. रुग्णाचा गुडघा महिनोन्महिने सुजलेला असतो. शिवाय पेशी मेल्या तरी रंग फिकाच येतो, म्हणून त्या जिवंत आहेत का हे वेगळं तपासावं लागतं.

मात्रा तर बघाच. बशीत बऱ्याचदा मिलिलिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत अर्क घालतात. अंगातल्या साधारण 5 लिटर रक्तात तेवढं प्रमाण यायला अडीच ग्रॅम अर्क न पचता, यकृतात न मोडता, एकदम रक्तात उतरायला हवा. तसं होत नाही. काढ्यात ज्येष्ठमध असतं. त्यातलं ग्लिसिरायझिन आतड्यातले जिवाणू मोडतात आणि रक्तात मुख्यतः त्यापासून बनलेला वेगळाच पदार्थ जातो.

दुष्परिणामही याच ज्येष्ठमधाचे. जास्त प्रमाणात, रोज घेतलं तर अंगात पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, बीपी चढतं. ज्यांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांचं पोटॅशियम आणखी घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

आणि मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी मनानं बंद केली तर दाह पुन्हा उसळू शकतो. त्यात झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. काढा घ्यायचाच असेल, तर त्यात ज्येष्ठमध आहे हे डॉक्टरांना सांगा, पण गोळी चालू ठेवा.