या आवाहनात मुलाला जागा कुठे आहे?

आज सकाळी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विज्ञान प्रकल्प स्पर्धेचं आवाहन आलं. "इच्छुक व हुशार विद्यार्थ्यांनी नावे द्यावीत. मॉडेल आकर्षक असावे. पालकांनी सहकार्य करावे." संपलं. दुपारपर्यंत गप्प राहायचा प्रयत्न केला, पण राहवत नाही म्हणून लिहितेय.

वर्गात हुशार कुणाला म्हणतात हे मुलांना पक्कं माहीत असतं. ज्याला गणितात कमी मार्क पडतात, तो ही ओळ वाचून तिथेच थांबतो. त्याला वेगळं 'नको' म्हणायची गरजच उरत नाही. आणि 'आकर्षक' शब्द दिसला की घरातली मोठी माणसं कामाला लागतात. थर्माकोल येतं, एलईडीच्या माळा येतात, बाबा कापतात, आई चिकटवते, मूल झोपून जातं. सकाळी उठून त्याने चार वाक्यं पाठ करायची. याला आपण प्रकल्प म्हणतो?

काही वर्षांपूर्वी एका शालेय प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. सातवीतला एक मुलगा अगदी कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभा होता. मॉडेल नाहीच. चार सारख्या वाट्या आणि एक वही. त्याचा प्रश्न असा: लोकर गरम असते ना, मग लोकरीत गुंडाळलेला बर्फ लवकर वितळेल का? एकाच साच्यातले चार खडे त्याने घेतले. एक उघडा ठेवला, एक सुती कापडात, एक वर्तमानपत्राच्या कागदात, एक लोकरीत, आणि घड्याळ घेऊन बसला. लोकरीतला बर्फ सगळ्यात जास्त टिकला. लोकर स्वतः गरम नसतेच, तिच्या धाग्यांमध्ये हवा अडकते आणि ती उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. आपल्या अंगाची उष्णता बाहेर जात नाही, तशी खोलीतली उष्णता बर्फापर्यंत पोचत नाही. हे सगळं त्याने मला न अडखळता सांगितलं. पण मी खिळले ते वहीतल्या एका ओळीवर. एका आकड्यावर काट मारून शेजारी लिहिलं होतं, "कापड आधीच ओलं होतं. हे धरायचं नाही. परत केलं."

पहिलं बक्षीस ज्वालामुखीला मिळालं.

सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग. मी त्या मुलीला विचारलं, सोडा तेवढाच ठेवून व्हिनेगर दुप्पट केलं तर फेस दुप्पट येईल का? तिने मागे उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. त्या मुलीचा काडीचाही दोष नाही. सोडा संपला की कितीही व्हिनेगर ओता, आणखी वायू येणार नाही, हे तिला घरच्या घरी पाहता आलं असतं, आणि खरा प्रकल्प तिथूनच सुरू झाला असता. पण तिला कुणी थांबून विचारलंच नाही. मी बर्फवाल्या मुलाला पूर्ण गुण दिले. बाकीच्या परीक्षकांचं म्हणणं पडलं, "यात बघण्यासारखं काय आहे?" अहो, वही बघायची होती! स्वतःच्या हातून आलेला आकडा चुकीचा का असेल याचं कारण शोधणारं, तो झाकून न ठेवता काट मारून पुन्हा मोजणारं बारा वर्षांचं पोर तुमच्यासमोर उभं होतं!

शिक्षकांवर कामाचा डोंगर असतो, मान्य. मॉडेल बनवायलाही हातात कला लागते, तेही मान्य. वीज, आग, रसायनं असतील तर मोठ्या माणसाने शेजारी उभं राहायलाच हवं. पण शेजारीच.

साधनं भारी लागतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एमिली रोझाची गोष्ट वाचावी. अमेरिकेतली ही मुलगी चौथीत होती. स्पर्श न करता, नुसते हात फिरवून माणसाचं 'ऊर्जाक्षेत्र' जाणवतं असं सांगणारे उपचारक तिथे होते. तिने मध्ये पुठ्ठ्याचा पडदा लावला. त्यांनी दोन्ही हात पडद्यातून पुढे करायचे, तिने नाणं उडवून ठरलेल्या एका हाताजवळ आपला हात धरायचा आणि विचारायचं, कुठल्या हाताजवळ आहे? 21 उपचारक, 280 वेळा विचारणा, बरोबर उत्तरं 123. नुसत्या अंदाजाने सांगितलं असतं तरी 140च्या आसपास आली असती. 1998 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो निबंध छापून आला, तेव्हा ती 11 वर्षांची होती. पुठ्ठा, नाणं आणि एक नेमका प्रश्न, एवढ्यावर.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. आता मुलांशीच बोलते.

बाळांनो, नाव द्या. मार्कांचा विचारही करू नका. ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही असा एखादा प्रश्न घ्या. लंबकाचा गोळा जड केला तर झोका लवकर पूर्ण होतो का? घरात विचारा, बरेचजण हो म्हणतील. मग दोरी तेवढीच ठेवून, छोटे झोके देऊन मोजून पाहा. नंतर गोळा तोच ठेवा आणि दोरी चौपट लांब करा. ओले कपडे वाळायला ऊन जास्त उपयोगी की वारा? एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. दहा झोक्यांचा वेळ मोजून दहाने भागा, म्हणजे घड्याळ दाबताना होणारी चूक वाटली जाते. प्रत्येक मोजमाप पुन्हा पुन्हा घ्या. आणि अपेक्षेपेक्षा वेगळं काही आलं तर खोडरबर लांब ठेवा. त्या मुलासारखी काट मारा आणि शेजारी कारण लिहा. तुमचा अंदाज चुकला म्हणून प्रकल्प फसत नाही. त्या मुलाला तरी आधी काय वाटलं होतं? लोकरीतला बर्फ सगळ्यात आधी वितळेल, असंच! वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं त्याने.

आयोजकांना माझं एकच मागणं आहे. निम्मे गुण वहीला द्या आणि ते आवाहनातच छापा. उरलेलं आपोआप बदलेल, कारण वही रात्रीत विकत आणता येत नाही आणि तिच्यातलं हस्ताक्षर लगेच ओळखू येतं.

आमच्या ग्रुपवर मी आत्ताच हा मजकूर पाठवलाय: "सर्व मुलामुलींना आमंत्रण. तुम्हाला पडलेला एक प्रश्न आणा. तो कसा तपासला ते वहीत लिहून आणा. मॉडेल असलंच पाहिजे असं नाही. पालकांनी साहित्य द्यावं, सुरक्षिततेकडे लक्ष ठेवावं, प्रकल्प मुलांनाच करू द्यावा." मुख्याध्यापकांचं उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्याही शाळेत स्पर्धा असेल तर हे जसंच्या तसं उचला, माझं नाव घालायची गरज नाही. नावं द्यायची मुदत संपायच्या आत पाठवा म्हणजे झालं.