उलटी हॅट

मी अजून चिडलेलोच आहे, आधीच सांगून ठेवतो.

जुलैतले ते स्टँपीडचे, म्हणजे गुराख्यांच्या जत्रेचे दहा दिवस आले की कॅनडातल्या आमच्या अख्ख्या कॅलगरीच्या अंगात येतं. बँकेतली बाई, दातांचा डॉक्टर, आमचा मॅनेजर, सगळे बूट आणि चेक्सचा शर्ट चढवून गुराखी होतात आणि कुठल्या ना कुठल्या पार्किंगमध्ये फुकट पॅनकेक चालू असतात. १९२३ साली जॅक मॉर्टन नावाच्या एका चकवॅगनवाल्याने (चकवॅगन म्हणजे गुराख्यांची स्वयंपाकाची घोडागाडी) आपल्या गाडीवरच येणाऱ्याजाणाऱ्यांना नाश्ता खिलवला, त्याचं हे एवढं वाढलं. इकडे आलेल्या आईला काही ते पटेना. "फुकट देतायत म्हणजे नंतर काहीतरी गळ्यात मारणार." (मारलंच, इन्शुरन्सचं माहितीपत्रक.)

तर लाइनीत माझ्या मागे एक गृहस्थ. पोटावर बशीएवढं पितळी बक्कल, तोंडात काडी.

"पार्टनर, हॅट उलटी घातलीयस."

मी हसलो. हसायला नको होतं, कारण त्याने न विचारता सरळ माझ्या डोक्यावरची हॅट उचलली. आत पट्टीला छोटा बो असतो, तो मागे यायला पाहिजे म्हणे. शोधू लागला. माझी हॅट स्वस्तातली, तिला बो-बी काही नव्हतं, पण हा माणूस हार मानेल तर शपथ. उन्हात धरली, वास घेतला, बायकोला दाखवली. मग ज्ञान सुरू. फेल्टची थंडीत, उन्हाळ्यात गवताची, आणि ठेवताना कड खाली करून ठेवायची नाही, नशीब सांडतं. शेवटी "आकारावरून कळतं" असा निकाल देऊन त्याने ती फिरवली आणि माझ्या कानांपर्यंत दाबून बसवली. पुढची चार पोरं मागे वळून बघतायत.

"मूळचा कुठला?"

"पुणे."

"तिकडे गुरंढोरं असतात का?"

आईला एवढं बरोबर कळलं. "सांग त्याला, पोळ्याला बैलांची पूजा करतो म्हणावं, पुरणपोळी घालतो." सांगितलं. तो समजूतदारपणे मान हलवत म्हणाला, "होईल हळूहळू सवय."

कसली सवय? उणे तीसमध्ये ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून माझी कंबर गेली इथे. म्हणून विचारलं, तुम्ही किती वर्षं आहात कॅलगरीत?

"मार्चमध्ये आलो. टोरोंटोजवळच्या मिसिसागाहून."

या भानगडीत लाइन पुढे सरकली आणि मधल्या जागेत एक आख्खं कुटुंब घुसलं, त्यांना मात्र हा काही बोलला नाही. तव्यापाशी पोचलो तर पॅनकेक वाढणाऱ्या आजीबाई मायेने म्हणाल्या, "बाळा, हॅट उलटी आहे तुझी."

दुपारी रोडिओ. बैलावर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचं, मोकळा हात बैलाला लागला की बाद, आणि शंभरातले पन्नास मार्क बैलाचे! आई खूश. बैलाला बक्षीस काय मिळतं हे तिने तीनदा विचारलं. संध्याकाळी चकवॅगनची रेस, चार-चार घोड्यांच्या गाड्या, पिंपांना आठाच्या आकड्यात वळसा मारून ट्रॅकवर सुसाट. मी आपला बैलगाडा शर्यत आठवून रंगात आलेलो, तेवढ्यात शेजारच्याने सांगितलं की २०१९ मध्ये सहा घोडे दगावले होते. आईने पर्स मांडीवर घेतली आणि पुढचं काही बघितलं नाही. मलाही मग धड बघवेना, पण तिकिटाचे पैसे भरलेले, उठवेना पण.

आणि मुळात हे सगळं उभं कोणी केलं तर गाय वीडिक, तो अमेरिकन, मूळचा न्यूयॉर्क राज्यातला, १९१२ साली इथे पहिलं स्टँपीड भरवणारा! म्हणजे इथे गुराखी व्हायला बाहेरून येणं हीच परंपरा आहे, फक्त आम्ही आलो की सवय होईल. बड्या पाहुण्यांना महापौर पांढरी हॅट घालतात, शपथ देतात. त्यांच्या हॅटला कोणी उन्हात धरून वास घेत नाही.

परवा तोच बक्कलवाला आमच्या गल्लीत दिसला, कोपऱ्यावरचं घर त्यानेच घेतलंय. आई म्हणतेय एकटा दिसतो बिचारा, एकदा जेवायला बोलव.

मी बोलावणार नाहीये.