मखर म्हणालात, म्हणून हे उत्तर

‘एक मालवणकर’ यांस,

नमस्कार. खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगड कसे मांडावेत या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले मुद्दे असे: टाकीचं माप मी चुकीचं दिलं, विकतचे कृत्रिम दगड आणण्यापेक्षा दारातला जांभा नाहीतर किनाऱ्यावरचे दगड वापरावेत, इतके कमी दगड ठेवल्यावर माशांनी लपायचं कुठे, आणि माझे दोन मासे का मेले ते मी लिहिलं नाही. हे सगळं विचारायचा आपल्याला हक्क आहे. पण सुरुवातीलाच आपण लिहिलंत, ‘‘ही मांडणी नव्हे, गणपतीचं मखर आहे. फोटो निघाला की झालं, माशांचं यांना सोयरसुतक नाही.’’ हे मला लागलं. लागलं नाही असं म्हणणार नाही.

मापाचं आपलं बरोबर आहे. चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी ३०० लिटरची नसते, काठोकाठ भरली तरी साधारण २५५ लिटरची होते. दगड-वाळू घातल्यावर त्याहून कमी. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता मखर. मखर दीड दिवसाचं, पाच दिवसांचं, फार तर अकरा दिवसांचं असतं. त्यातला देव हलत नाही, खात नाही, घाण करत नाही. माझ्या टाकीतले दगड चौथं वर्ष पाण्यात आहेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू याच दगडांच्या भोकाभोकांत राहतात. टाकी उभी केली तेव्हा हे जिवाणू दगडांत वसावेत म्हणून पहिला मासा सोडायला मी सहा आठवडे थांबलो होतो. त्या सहा आठवड्यांत टाकीत नुसते दगड आणि पाणी होतं, फोटो काढण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि दगड रचणं मी व्हिडिओ बघून शिकलेलो नाही. माझं गाव देवगड तालुक्यात. माझे काका गडगे, म्हणजे दगडांची कुंपणं, घालायचे. पावसात ढासळलेले गडगे मे महिन्यात पुन्हा उभे करायचे आणि मी दगड पुरवायला बरोबर असायचो. सिमेंट नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. मी घाईने एखादा दगड ठेवला की काका तो उचलून बाजूला टाकायचे. म्हणायचे, ‘‘दगड ठेवूचो नसता, बसवूचो असता.’’ दगड हातात फिरवायचा, त्याची बूड शोधायची, तीन ठिकाणी टेकला की तो डुगडुगत नाही. टाकीतला माझा प्रत्येक दगड असाच तीन ठिकाणी टेकलेला आहे. पडवीतल्या कोब्यावर मी खडूने टाकीचा चौकोन आखला होता आणि आठ दिवस त्या चौकोनात रचून मोडत होतो. रोज सकाळी वरच्या दगडाला एका बोटाने ढकलून बघायचो. हलला की पुन्हा पहिल्यापासून. टाकीत नेताना तळाचे दगड थेट काचेवर बसवले आणि वाळू नंतर ओतली, कारण वाळू उकरणारे मासे आणि झिंगे दगडाखालची वाळू काढून घेतात आणि वाळूवर उभी केलेली रचना एका रात्रीत खाली येते. माशांचं सोयरसुतक नसलेला माणूस हे कशाला करेल?

मोकळी जागा तुम्हाला दिखाऊ वाटते. ती का ठेवली तेही सांगतो. दगडांची भिंत मागच्या काचेला टेकवली की तिच्यामागे पाणी हलत नाही, गाळ साचतो, कुजतो. म्हणून चारही बाजूंनी चार बोटं अंतर ठेवलं आहे. प्रवाह फिरतो आणि काच पुसायचं चुंबकही जातं. माझ्या टाकीत दोन ढीग आहेत, एक मोठा, एक लहान, आणि मध्ये घळ. मोठा ढीग मधोमध नाही, एका अंगाला सरकवलेला आहे. उंची पाण्याच्या दोन तृतीयांशापर्यंतच. पाण्यातली वस्तू समोरून पाहताना आहे त्याहून जवळ दिसते, दीड फुटाची खोली सव्वा फुटाहूनही कमी वाटते. म्हणून मोठे दगड पुढे आणि लहान मागे ठेवले, म्हणजे घळ लांबवर गेल्यासारखी वाटते. हे डोळ्यांसाठी केलं, मान्य. डोळ्यांना बरं वाटणं हा गुन्हा आहे असं मला वाटत नाही. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आमच्या कातळावर जाऊन बघा. खळग्यातलं पाणी नितळ असेल तर दिसेल, मासा दगडाच्या ढिगात घुसून बसलेला नसतो, कपारीच्या तोंडाशी असतो, अर्धा उजेडात, अर्धा काळोखात. सावली पडली की आत, सरली की बाहेर. माझ्या घळीत ते तोंड आहे. कपारी किती यापेक्षा त्या कुठे उघडतात हे मी जास्त बघतो.

तुम्ही स्वतः खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली आहे का, हे प्रतिक्रियेत कुठेही नाही. पावसाळ्यात लाईट गेल्यावर रात्री दोन वाजता पंप इन्व्हर्टरवर घेतला आहे का? घेतला असता तर ‘सोयरसुतक’ हा शब्द तुमच्या हातून लिहिला गेला नसता.

बाकीचं थोडक्यात. जांभा चालणार नाही. तो लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडने भरलेला असतो, पाण्यात त्याची लाल भुकटी सुटते, आणि लोहावर शेवाळ पोसायचा धोका मी घेणार नाही. किनाऱ्यावरच्या दगडांचं म्हणाल तर मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणत्या दगडावर काय चिकटलं आहे हे मला ओळखता येईलच असं नाही, म्हणून मी तिथला खडाही उचलत नाही. मालवणकर म्हणवणाऱ्याने हे मला सुचवावं याचं वाईट वाटलं.

राहिले दोन मासे. ते आणले तेव्हाच अंगावर रोगाचे पांढरे ठिपके होते. मी त्यांना वेगळ्या टाकीत ठेवायला हवं होतं, ते केलं नाही. त्याचा दगडांशी संबंध नाही, आणि लेख दगडांवर होता.

यापुढे लिहाल तर नावानिशी लिहा. उत्तर नक्की देईन.