अकरा दिवस पडून राहिलेली एक कमेंट

आज सोमवार, आमच्याकडे बाजाराचा दिवस. भाजी घेऊन परत येताना वाचनालयावरून आले तर बाहेर ओट्यावर एक आजी आणि त्यांची नात बसलेल्या. दाराला कुलूप. आजींच्या पिशवीतून मेथी बाहेर डोकावतेय आणि नात दारावरची पाटी वाचून वाचून कंटाळलीय. त्या पाटीवर स्थापना वर्ष आहे, नोंदणी क्रमांक आहे, वेळ मात्र कुठेच नाही. मी म्हटलं, आजी, सोमवारी सुट्टी असते हो. तर त्यांनी पदराला हात पुसले, मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला. आमच्याच वाचनालयाचं फेसबुक पेज. एका पोस्टखाली त्यांची कमेंट, "सर सोमवारी वाचनालय चालू असत का नातीला सावित्रीबाईंवर पुस्तक पाहीजे भाषणाला". टाकून अकरा दिवस झालेले. खाली काहीच नाही.

"कोणी नाही म्हणलं नाही, म्हणून आले," असं म्हणाल्या त्या. चिडून नाही, अगदी साधेपणाने.

मी कार्यकारिणीत आहे. माझं नाव त्या पाटीच्या आत भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलेलं आहे. किल्ली शिपाईदादांकडे आणि ते सुट्टी म्हणून गावाला गेलेले. दोघी पाऊण तासाची एसटी करून आलेल्या, तशाच परत गेल्या. मी नंबर तेवढा घेऊन ठेवला.

घरी येऊन पेज उघडलं आणि डोकंच फिरलं. त्याच पेजवर आज सकाळी अध्यक्षांच्या वाढदिवसाचं बॅनर पडलंय, सोनेरी अक्षरं, मागे फुलं, बाजूला कार्यकारिणीचे गोल गोल फोटो, त्यात मीपण आहे. त्याखाली त्रेचाळीस जणांनी हार्दिक शुभेच्छा साहेब लिहिलंय आणि पेजने, म्हणजे आपल्याच वाचनालयाने, प्रत्येकाला हात जोडून धन्यवाद दिलेत. त्रेचाळीस वेळा! म्हणजे रिप्लाय द्यायला माणूस आहे, वेळ आहे, नेट आहे. एका आजींना "सोमवारी बंद, मंगळवारी या" एवढं लिहायला मात्र कोणी नव्हतं. अध्यक्षांवर माझा काही राग नाही, भला माणूस आहे, त्यांनी बॅनर सांगितलंही नसेल. पण हे असंच चालतं सगळीकडे, तुम्हीपण ज्या ज्या संस्थेत आहात तिथलं पेज उघडून बघा आत्ता.

गेल्या महिन्यात तालुक्याला संस्थांसाठी सोशल मीडिया असं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, मी गेले होते. दिवसभर रीच, ब्रँड, रील, कुठल्या वेळी पोस्ट टाकायची, फॉन्ट कुठला. चहा चांगला होता. पण लोक काही विचारतील तर उत्तर कोणी द्यायचं हा विषय अख्ख्या दिवसात एकदासुद्धा निघाला नाही. मी वहीत सगळं लिहून घेतलं आणि मलाही तेव्हा तो प्रश्न सुचला नाही, हे आज जास्त लागतंय.

वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर माणूस नसेल तर आपण त्याला वाचनालय उघडं आहे असं म्हणतो का? नुसती कपाटं उघडी ठेवून सगळे आत चहा पीत बसलेत असं चालेल? रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, तेव्हापासून आजपर्यंत वाचनालय म्हटलं की टेबलापलीकडे कोणीतरी बसलेलं असतं आणि तुम्ही विचारलंत की ते मान वर करून बोलतं. पेज म्हणजे तेच टेबल आहे हो, फक्त आजींच्या हातात आलेलं. आणि आपण तिथे फ्लेक्स लावून निघून गेलो.

असं पहिल्यापासून नव्हतं, हे सांगायलाच पाहिजे. पेज नवीन होतं तेव्हा आमच्या आधीच्या ग्रंथपाल बाई स्वतः बघायच्या. एका जुन्या कादंबरीची मधली सोळा पानं कोणीतरी फाडून नेलेली, बाईंनी त्या फाटक्या जागेचा फोटो टाकला आणि विचारलं, ही आवृत्ती कोणाकडे आहे का. आठवड्याभरात नागपूरच्या एका गृहस्थांनी स्वतःच्या खर्चाने झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवली, सोबत एक चिठ्ठी, लहानपणी मी तुमच्याच वाचनालयात बसायचो म्हणून. बाईंनी ती पानं शिवून पुस्तकात लावली. आजही आहेत. त्या पोस्टला लाइक किती होते मला आठवत नाही, बाईंनापण नसेल आठवत.

मग बाई रिटायर झाल्या आणि पेज एका मुलाच्या मोबाईलवर गेलं, तो नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, पासवर्ड विसरला, सहा महिने पेज तसंच. तेव्हा कुठे कळलं की ॲडमिन एकच होता. अरे, बँकेच्या खात्यावर आपण दोन सह्या ठेवतो ना, मग इथे का नाही? तीन जणांना स्वतःच्या अकाउंटवरून पूर्ण ताबा द्या, टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर कोडपण विचारणारं कुलूप, लावा, पासवर्ड वहीत लिहून फिरवू नका, आणि कोणी संस्था सोडली की कपाटाच्या किल्लीसोबत पेजपण काढून घ्या. अजून कितीतरी भजनी मंडळं न् महिला मंडळं स्वतःच्या नावाने प्रोफाइल काढून बसलीत, रिक्वेस्ट पाठवतात, पाच हजार मित्र झाले की संपलं, आणि फेसबुकच्या नियमात तर प्रोफाइल फक्त माणसाचीच असते. संस्थांसाठी पेजची सोय २००७ पासून आहे, फुकट आहे.

आणि ते रोजचं बॅनर कोणाला दिसतं असं वाटतं तुम्हाला? जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने स्वतःच सांगितलं की आता मित्र आणि घरच्यांच्या पोस्टी आधी, पेजवाल्यांच्या नंतर. ज्या पोस्टखाली माणसं एकमेकांशी बोलतात ती पुढे जाते. म्हणजे आजींना उत्तर दिलं असतं, त्यांनी परत काही विचारलं असतं, शेजारच्या वाडीतल्या कोणी मलापण हवंय म्हटलं असतं, तर त्या एका प्रश्नाने जे झालं असतं ते तीस दिवसांच्या तीस शुभ सकाळींनी होणार नाही. हे मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं खरं तर, पण तिथे ते "एंगेजमेंट वाढवा" असं सांगितलं, त्यामुळे त्यात आजी असतात हे कळलंच नाही.

बरं, मान्य आहे, ग्रंथपालांना जो तुटपुंजा पगार मिळतो त्यात त्यांनी रात्री कमेंटी पण बघाव्यात ही अपेक्षा चुकीची. आणि कार्यक्रमाचे फोटो तपासणीच्या फाईलला लागतात, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन झाला की फोटो टाकावेच लागतात, हेपण मान्य. पण मग आम्ही कार्यकारिणीतले बारा जण कशाला आहोत? आणि आपण १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली सरकारचं अनुदान घेतो, ते लोकांचे पैसे आहेत, त्या आजींचेपण. त्यांना उत्तर देणं हे उपकार नाहीत.

फोटोंचं निघालंच आहे तर तेही बोलते. जूनमधल्या वह्यावाटपाचे फोटो अजून पेजवर आहेत, पोरांच्या हातात वही, एका बाजूला पाहुण्यांचा हात, पोरं कॅमेऱ्याकडे बघतायत. त्यांच्या आईबापांना विचारलं होतं का? नव्हतं. त्यातली एक मुलगी उद्या कॉलेजला जाईल आणि कोणी तिला तो फोटो दाखवेल. वह्यांचा गठ्ठा दाखवा ना, चेहरे कशाला. मी आज रात्री ते फोटो काढणार आहे, कोणाला राग आला तर येऊ दे.

व्हॉट्सॲप ग्रुपचं तर विचारू नका. वाचकांचा ग्रुप केला, बायका होत्या बऱ्याच, ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकाला दिसतो, मग कोणाला तरी रात्री अकराला "जेवलात का" आलं आणि एकेक करून सगळ्या बाहेर पडल्या. भारतात सप्टेंबर २०२३ पासून व्हॉट्सॲपचं चॅनल आलंय, त्यात कोणाचा नंबर बाकीच्यांना दिसत नाही, सूचना द्यायला तेच बरं. ग्रुपवर कोणीही काहीही फॉरवर्ड करतं आणि वर नाव असतं वाचनालयाचं, म्हणजे लोकांना वाटतं वाचनालयाने खात्री केली असेल. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून पाच माणसं जिवानिशी मारली, भिक्षेकरी होती बिचारी. ती अफवा अशीच मोबाईलमोबाईलवरून फिरत होती. त्यानंतर व्हॉट्सॲपने फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटवर आणलं. आपल्या ग्रुपवर येणारं प्रत्येक "कृपया पुढे पाठवा" मला तेव्हापासून नकोसं होतं.

चांगलं करणारे नाहीत असं नाही. मुंबई पोलीस डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आले, लोकांना त्यांचे विनोदी ट्वीट आठवतात आणि ट्रेनिंगमध्येही तेच दाखवले, पण मला त्यांचं दुसरंच आवडतं, कोणी तक्रार टाकली की खाली विचारतात, कुठे झालं, डीएममध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये, पत्ता द्या. पोलीस खात्याला एवढ्या मोठ्या शहरात जमतं ते आपल्याला चार कपाटांच्या वाचनालयात जमू नये?

हे लिहिता लिहिता मधेच उठून मी जुन्या कमेंटी वाचत बसले. दोन वर्षांच्या. आणि आता राग कमी झालाय, वाईट वाटतंय जास्त. कारण आजी एकट्या नाहीत. "बाजाराच्या दिवशी उघडं ठेवा ना" असं वेगवेगळ्या चार जणांनी लिहिलंय. एका रिक्षावाल्या दादांनी, दोन मुलींनी, आणि एका गुरुजींनी तर सविस्तर, की खेड्यातली माणसं सोमवारी गावात येतात, त्यांना तोच एक दिवस असतो. आपण दर मीटिंगला चर्चा करतो, वाचक का घटले, मोबाईलमुळे घटले, पिढीच बिघडली. आणि त्याच मोबाईलवर माणसं आपल्याला सांगत होती की आम्ही ज्या दिवशी येतो नेमकी त्याच दिवशी तुम्ही सुट्टी घेता. जुन्या बाई असत्या तर हे त्यांनी सूचना वहीत उतरवून पुढच्या मीटिंगला वाचून दाखवलं असतं. आपली सूचना वही टेबलावर कोरी पडलीय आणि सूचना सगळ्या तिकडे.

संध्याकाळी आजींना फोन केला. भाषण ३ जानेवारीला आहे, अजून वेळ आहे. म्हटलं, पुस्तक मी माझ्या कार्डावर काढून ठेवते, पुढच्या सोमवारी बाजाराला याल तेव्हा घेऊन जा. तर म्हणाल्या, "सोमवारी कुलूप असतं ना?" म्हटलं, मी किल्ली घेऊन बसते ओट्यावर, तुम्ही या. मागून नात ओरडून सांगत होती, दोन पुस्तकं मिळतील का विचार.

पेजवर आत्ता वेळ टाकली आहे, फोटोत नाही तर नीट टाईप करून, म्हणजे शोधलं तर सापडेल आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाईलही वाचून दाखवेल. सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८, सोमवार बंद. "सोमवार बंद" हे शब्द रविवारच्या मीटिंगमध्ये खोडायला लावणार आहे, ज्या चार जणांनी लिहिलंय त्यांच्या कमेंटी प्रिंट काढून नेते. आठवड्यातले चार दिवस कमेंटी मी बघेन. बुधवार, शुक्रवार, रविवार रिकामे आहेत. गावातल्या मित्रमंडळींपैकी कोण घेतंय एकेक दिवस, खाली लिहा.