दंड वाढवून भामरागडला डॉक्टर टिकणार नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: “डॉक्टरांना खेडं नकोच. बाँड तोडण्याचा दंड १० लाखांवरून ५० लाख करा, बघा कसे जातात. आशाताईंच्या भरवशावर गरिबांची पोरं मारू नका. मेडिकल कॉलेजं वाढवा, प्रश्न मिटला.” बाँड म्हणजे एमबीबीएस झाल्यावर वर्षभर सरकारी सेवा करण्याची हमी. चीड समजते. उपाय मात्र सगळे फसवे आहेत.

“डॉक्टरांना खेडं नको.” मेळघाटातल्या बैरागडचे डॉक्टर कोल्हे दांपत्य, गडचिरोलीतल्या हेमलकशाचे डॉक्टर आमटे ही आयुष्यभर खेड्यात राहिलेल्यांची नावं बाजूला ठेवू, त्यागावर आरोग्यखातं चालत नसतं. दुर्गम पाड्यांवर फिरणाऱ्या सरकारी भरारी पथकातले बीएएमएस (आयुर्वेद पदवीधर) डॉक्टर बघा. मेळघाट-गडचिरोलीत पाडे तेच पालथे घालतात, आणि त्यांना वर्षानुवर्षं ‘मानसेवी’ म्हणून मानधनावर राबवलं. जो गेला त्याला कायम केलं नाही, वर बोंब अशी की कुणी जातच नाही!

“दंड वाढवा.” समजा, दंडाच्या धाकानं नवा एमबीबीएस वर्षभरासाठी ग्रामीण रुग्णालयात आला. रात्री अडलेली बाई आली. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवं. यातलं एक जरी नसलं तरी तो रेफरची चिठ्ठीच लिहिणार. पर्लकोटा नदीला पूर असला तर गडचिरोलीतल्या भामरागडातून ती चिठ्ठी घेऊन निघायचं तरी कसं? म्हणूनच तर दुर्गम भागात दिवस भरत आले की बाईला आधीच दवाखान्याजवळच्या ‘माहेरघरा’त आणून ठेवायची सोय करावी लागली. काही बरंवाईट झालं की नातेवाइकांच्या शिव्या त्याच पोराला. वर्ष सरलं की तो जातो, नवा येतो, पुन्हा तेच. ५० लाखांच्या दंडानं भूलतज्ज्ञाचं रिकामं पद भरत नाही, ना क्वार्टरच्या नळाला पाणी येत.

“आशाताईंच्या भरवशावर मारू नका.” हे वाक्य गडचिरोलीत तरी कुणी बोलू नये. १९९० च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना तयार केलं. बाळ रडलं नाही तर काय करायचं, अंगात ऊब कशी राखायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं, सगळं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ मध्ये देशभरच्या आशांकडे बाळंतिणीच्या घरी भेटी देण्याचं काम आलं ते याच अनुभवातून. एका बाळामागं सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. लाज वाटायची असेल तर या आकड्याची वाटावी.

“कॉलेजं वाढवा.” वाढलीच आहेत. २०२४ मध्ये विदर्भात गडचिरोली, वाशिम, बुलढाणा, भंडारा, अमरावतीला परवानगी मिळाली. पण पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून निघेल ती २०३० च्या सुमारास. आणि ती शिकणार कुठे? १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी पोरं गावात मुक्कामाला जातात, वाट्याला आलेल्या कुटुंबांच्या तब्येतीकडे पुढेही लक्ष ठेवतात. गडचिरोलीच्या नव्या कॉलेजातला विद्यार्थी त्याच जिल्ह्यातल्या दुर्गम एटापल्लीच्या उपकेंद्रात कितव्या वर्षी जाणार, हे त्या मजकुराखाली विचारून बघा.