पाच इंचांच्या मुठीसाठी

विळ्याच्या पात्याबद्दल कुणाची तक्रार नसते. कटकट असते ती मुठीची. बाजारातल्या विळ्यांना बऱ्याचदा ओल्या लाकडाची मूठ ठोकलेली असते; दसरा उलटून भातकापणी सुरू होईपर्यंत ती वाळून आकसते आणि पातं खुळखुळायला लागतं. मुरबाडचा माझा चुलतभाऊ तिच्यात चिंधी कोंबून कापणी उरकतो. म्हटलं, मुरलेल्या बाभळीच्या मुठी आपणच कातू. मागे जरा फुगीर, म्हणजे घामेजल्या हातातून सटकायला नको. पुढे निमुळत्या, शेंबी, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, घट्ट बसेल अशा. लांबी पाच इंच. संपलं.

त्यासाठी लाकडाचा लेथ, म्हणजे लाकूड गरागरा फिरवून कातायचं यंत्र, हवा, आणि तो ठेवायचा ठाण्यात, चरईतल्या बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्याच्या गॅलरीत.

शेजारचे काका वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. लेथ म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले, लाकडाचा म्हटल्यावर विझले. लाकडाच्या लेथला हत्यार पकडून ठेवणारा टूलपोस्ट नसतो, पटाशी आडव्या टेकूवर ठेवून हातानंच धरतात, हे ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हातानं? आणि माप?"

"डोळ्यानं, काका. सूतभर इकडेतिकडे चालतं."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काकांची हयात इंचाच्या हजाराव्या भागात गेलेली. त्यांनी काकूंकडे असं पाहिलं, की मी काहीतरी अचकट बोललो असावं.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानदारानं मात्र खूप मनावर घेतलं. "स्विंग किती? सेंटर टू सेंटर किती?" स्विंग म्हणजे लेथच्या बेडला, खालच्या बैठकीला, न घासता केवढ्या व्यासाचं लाकूड फिरेल ते, दुसरं म्हणजे दोन टोकांत किती लांबीचं अडकेल ते. मी हातानं पाच इंच दाखवले. त्यानं दाखवलं थ्री फेजचं, चाळीस इंच लांबीचं धूड. "उद्या पलंगाचे पाय करावेसे वाटले तर?" मेहुणा सोबत होता. तो म्हणाला, "आंब्याच्या झेल्याची काठी पण होईल." झेल्याला वीसेक फुटी बांबू लागतो आणि तो पोकळ असतो, पण मेहुण्यांना हे कोण सांगणार.

मला पटला तो दहा इंची स्विंगचा, अठरा इंच लांबीचा, टेबलावर बसणारा. वेग कमीजास्त करता येतो, हे महत्त्वाचं: वेडावाकडा ओंडका सावकाश फिरवून आधी गोल करायचा, मग वेग वाढवायचा. आणि तो बिडाचा आहे, चाळीसेक किलोचा. पत्र्याचा हलका लेथ स्वस्त मिळतो, पण तिरपं लाकूड फिरायला लागलं की तो टेबलावरून फेरफटका मारायला निघतो.

घरी सौ.नं एकच अट घातली: मशीनपुढे लुंगी नेसून उभं राहायचं नाही. अट रास्त आहे. फिरत्या लाकडात सैल कपडा अडकला, तर पुढचं गॅलरीतून अख्ख्या चरईला दिसेल.

राहिली सोसायटी. सेक्रेटरी म्हणाले, लोड येईल. मी सांगितलं, मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची, म्हणजे ३७३ वॅट. तुमच्या घरी रोज सकाळी खोबऱ्याची चटणी वाटणारा मिक्सर ७५० वॅटचा आहे. हा मुद्दा त्यांना आवडला नाही. मग आवाज निघाला, मग कीस उडून खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवर पडेल हे निघालं. नुसती गॅलरी पाहायला म्हणून माणसं येऊन गेली आणि सौ.नं तीन वेळा पोहे केले.

शेवटी गाडं हललं ते सेक्रेटरींच्या सौ.मुळे. "यावर लाटणं होईल का हो?" होईल की, लाटणं अठरा इंचांत आरामात बसतं. बातमी जिन्यानं खाली गेली. संध्याकाळपर्यंत लाटणी, रव्या, एक पाळण्याचा खुळखुळा अशी यादी तयार. विळ्याच्या मुठी त्या यादीत सर्वांत खाली, त्याही मीच लिहिलेल्या.

ना हरकत पत्रावर सही करताना सेक्रेटरी म्हणाले, "आमचा पोळपाटही चिरलाय. तेवढा एक करून द्या." मी टेप घेऊन त्यांच्या ओट्याशी गेलो. पोळपाट अकरा इंची.

उद्या पुन्हा नागदेवीला जातोय, बारा इंची स्विंगचा बघायला.