एका किलोत काजूगर किती?

ही पोस्ट मी बोलून टाइप करतेय. मध्येच मालवणीत घसरले की फोन भलतंच काहीतरी उमटवतो, तेवढं सांभाळून घ्या. उजव्या अंगठ्याने एवढं लांब टाइप करणं आता होत नाही, आणि आजचा विषयही तोच आहे.

वेंगुर्ला-कुडाळ पट्ट्यातल्या एका काजू कारखान्यात मी सहा वर्षं सोलणीला होते. गेली दोन वर्षं तिथेच काट्यावर बसते. बायकांनी सोललेले गर तोलायचे आणि वहीत लिहायचे. बढती वगैरे काही नाही, हात गेला म्हणून काट्यावर आले.

ज्यांनी सोलणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बी उकडून, फोडून, आतला गर सुकवून आमच्यापुढे येतो तेव्हा त्याला तांबूस साल चिकटलेली असते. ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून काढायची, अडली तर बारक्या सुरीने खरवडायची. गर दुभंगला की पाकळी, आणखी मोडला की तुकडा, आणि तुकड्याला बाजारात भाव कमी. म्हणून जोर लावायचा, पण बेताने. हा बेतच मनगटाला खातो. पावसाळ्यात तर साल दमट होऊन अशी चिकटून बसते की एका गरामागे चार चिमट्या जास्त लागतात. किलोमागे मजुरीचा दर मात्र तोच.

माझं सुरू झालं ते रात्री. दोन-अडीचला जाग यायची आणि अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतचा हात आपला नाहीच असं वाटायचं. उठून हात झटकायचा, ताप बघायच्या आधी पाऱ्याचं थर्मामीटर झटकायचे ना, तसा. मग परत आडवं व्हायचं. शेजारची काकी म्हणाली, "वात आसा गो तो. निरगुडीचो पालो गरम करून बांध." बांधला. शेकून बरं वाटायचं, सकाळी चहाचा कप मात्र हातातून सुटायचा.

दोन डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्याने आधी विचारलं, काम काय करता? मग विचारलं, करंगळीला मुंग्या येतात का? मी म्हटलं, नाही, तेवढी एक शाबूत आहे. तिथेच त्यांना कळलं. मनगटात एक बोगदा असतो (कोकणातल्या माणसाला बोगदा काय समजावायचा!). बोटं मिटायला लागणारे नऊ स्नायुबंध आणि एक नस त्यातून जातात. सूज आली की जागा कमी पडते आणि नस चेपते. ही नस अंगठा, त्यापुढची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही. याला कार्पल टनेल म्हणतात. साखर आणि थायरॉइड तपासून घ्यायला लावलं, कारण त्यानेही हे होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. त्याने रात्रीची झोप परत आली, हे मान्य करते.

आणि सांगितलं, हाताला आराम द्या. घरी येऊन आडाळ्यावर बसले, नारळ खवायला घेतला, तेव्हा एकटीच हसले.

तर, मला बोलायचंय ते पुढचं. काट्यावर बसल्यावर मला मालाच्या डब्यांवरचे आकडे कळायला लागले. 180, 210, 240, 320. सोलत होते तेव्हा वाटायचं काहीतरी कोड असेल. हा चक्क मोजलेला आकडा आहे, एका पौंडात किती अख्खे गर बसतात त्याचा. पौंड म्हणजे 454 ग्रॅम. मी वहीच्या मागे गणित केलं. 180 चा माल असेल तर किलोला साधारण 400 गर. 320 चा असेल तर 700. म्हणजे आठ किलो सोलणाऱ्या बाईने एके दिवशी 3,200 गर हातातून काढले आणि दुसऱ्या दिवशी 5,600. वहीत दोन्ही दिवशी आठच किलो, मजुरी सारखीच. आपली वेंगुर्ला-7 जातीची मोठी बी आली की बायका खूश का असतात आणि बाहेरून आलेली बारीक बी उघडली की तोंडं का वाकडी होतात, ते मला तेव्हा समजलं. सहा वर्षं मीही तोंड वाकडं करत होते, कारण माहीत नसताना.

विकताना काजू नगावर ठरतो. 180 ला भाव जास्त, 320 ला कमी. मजुरी देताना मात्र नग कुणाला आठवत नाही, तिथे फक्त किलो. मालकांना म्हटलं, बी फोडायच्या आधी चाळणीने लहानमोठी वेगळी करतोच आपण, मग बारीक मालाला सोलणीचा दर थोडा चढा ठेवा. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या पट्ट्याचे पैसे त्यांनीच दिले होते. पण म्हणाले, "दर किलोवरच असतो, सगळीकडे तसंच आहे." सगळीकडे तसंच आहे हे खरंच आहे, म्हणून तर लिहितेय.

कायद्याचंही बघितलं. 1948 च्या कारखाना कायद्यात कामामुळे होणाऱ्या, कळवणं बंधनकारक असलेल्या 29 रोगांची यादी होती, आणि 2025 मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. शिशाची विषबाधा आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. चिमटीने गेलेलं मनगट त्यात नाही. मग ते वातात जमा होतं, किंवा "वय झालं" मध्ये. मी अडतीस वर्षांची आहे.

कुणी कमेंटमध्ये मनगटाच्या व्यायामाचे व्हिडिओ टाकू नका, प्लीज. माझ्याकडे सतरा आहेत.

परवा काट्यावर एकीने ताट डाव्या हाताने पुढे केलं. उजवी आहे ती, मी ओळखते तिला. विचारलं, "हाताक काय झाला गो?" म्हणाली, "खय काय? काय नाय." वजन सात किलो दोनशे भरलं, वहीत लिहिलं. मग वही उलटी करून मागच्या पानावर तिचं नाव लिहिलं. ताट डाव्या हाताने द्यायला लागलेल्यांची नावं मी तिथे लिहून ठेवते. ही नववी.